एक प्रश्न, अनेक शास्त्रे : सुरतेतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागातल्या मराठी घरांत साधारण एकच चर्चा असते. गुण चांगले असतील तर इंजिनिअरिंग किंवा फार्मसी, बेताचे असतील तर बी.कॉम. आणि जोडीला टॅलीचा क्लास. समाज, राजकारण, इतिहास, पैसा, शहर या गोष्टींत ज्याचे मन रमते अशा मुलाला किंवा मुलीला या चर्चेत जागाच नसते. त्यातून तिने ‘मला सामाजिक शास्त्रे एकत्र शिकायची आहेत’ असे म्हटले, तर घरच्यांचा पहिला प्रश्न येतो : म्हणजे नेमके काय शिकणार?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर मिळायला हवे. हा लेख त्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. त्यात सांगायचे आहे ते थोडक्यात असे : आंतरविद्याशाखीय शिक्षण घ्यायचे असेल तर एक शास्त्र पक्के धरा, आणि प्रश्न आपल्या गावातून घ्या. या दोहोंपैकी एक जरी सुटले तरी पदवी मिळते, पण हाती काही लागत नाही.

इच्छापोरचा रस्ता

प्रश्न गावातून कसा घ्यायचा ते पाहण्यासाठी इच्छापोर घेऊ. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. इथे हिरे आणि दागिन्यांच्या उद्योगासाठी उभारलेले जेम अँड ज्वेलरी पार्क आहे. पुढे कवासचे वीजकेंद्र, ओएनजीसीचा वायुप्रक्रिया प्रकल्प, कृभकोचा खत कारखाना, पोलाद कारखाना आणि हजिऱ्याचे बंदर. शेजारी सुवाळीचा किनारा. १६१२ साली याच सुवाळीच्या समुद्रात इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांचा सुरतेतला व्यापार पक्का झाला. चारशे वर्षांपूर्वी परदेशी गलबते जिथे नांगर टाकत, त्याच पट्ट्यात आज मालवाहू जहाजे लागतात.

आता एक साधा प्रश्न विचारू : या पट्ट्यात काम करणारा कंत्राटी कामगार खोलीभाड्याला किती पैसे देतो, आणि ते भाडे कोणाच्या हातात जाते?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी मजुरी, भाडे आणि जमिनीचा भाव यांचा हिशेब मांडेल. समाजशास्त्राची विद्यार्थिनी विचारेल, एका खोलीत कोण कोण राहतात? एकाच गावचे, एकाच जातीचे, की एकाच ठेकेदाराने आणलेले? भूगोलाचा अभ्यासक नकाशा काढून दाखवेल की स्वस्त खोल्या सखल जागेत आहेत का आणि तापीला पूर आला तर पाणी आधी कुठे शिरते. राज्यशास्त्रवाला मतदारयादी उघडून पाहील की या कामगाराचे नाव इथे आहे की त्याच्या गावी. इतिहासाचा विद्यार्थी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारेल, शेतांच्या जागी खोल्या कधी उभ्या राहिल्या, जमीन कोणी विकली, शेतमजूर कुठे गेले. कायदा वाचणारी मुलगी १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा आणि त्यानंतरच्या कामगार संहिता काढून बसेल.

यातले एकही उत्तर एकटे पुरेसे नाही. भाड्याचा आकडा कळला, पण खोलीत कोण राहतो हे कळले नाही, तर त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. खोलीतल्या माणसांच्या कहाण्या ऐकल्या, पण जमिनीचा व्यवहार कळला नाही, तर त्या कहाण्यांमागचे कारण कळत नाही. एका प्रश्नापाशी अनेक शास्त्रांना एकत्र बसवायचे आणि प्रत्येकाकडून त्याच्या पद्धतीचा पुरावा मागायचा, यालाच आंतरविद्याशाखीय सामाजिक शास्त्र म्हणतात.

‘सगळ्यातले थोडे थोडे’ म्हणजे आंतरविद्याशाखीय नव्हे

अनेक विद्यार्थ्यांचा इथेच गोंधळ होतो. पहिल्या सत्रात थोडे मानसशास्त्र, दुसऱ्यात थोडा इतिहास, तिसऱ्यात पर्यावरण, चौथ्यात माध्यमे, असे करत तीन वर्षे संपतात. विषयांची नावे खूप जमतात, पण एखादा मुद्दा सिद्ध करायला सांगितले तर तो कसा करायचा हे माहीत नसते.

आपल्याकडची मोठी माणसे या मार्गाने गेली नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तिथेच त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही वर्ग केले, आणि जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. पुढे १९१८ साली लहान शेतजमिनींवर आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी लिहिले, ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून. एका शास्त्रात पाय घट्ट रोवलेले असल्यामुळे ते दुसऱ्या शास्त्रात बरोबरीच्या नात्याने बोलू शकले.

इरावती कर्वे यांचे उदाहरण तर विद्यार्थ्यांनी नीट अभ्यासावे असे आहे. त्या मानववंशशास्त्रज्ञ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधक. महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापनाचे मोठे काम त्यांनी संख्याशास्त्र जाणणारे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर केले. ते पुस्तक १९५१ साली निघाले. १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ आला. पुढे कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासोबत केली. आणि महाभारतातल्या माणसांचा शोध घेणारे ‘युगान्त’ही त्यांचेच. नाती, मापे, धरणग्रस्त, महाकाव्य. विषय वेगवेगळे, पण माणसाला त्याच्या कुळात, गावात आणि व्यवस्थेत ठेवून पाहण्याची शिस्त एकच. जिथे स्वतःचे ज्ञान अपुरे पडले तिथे त्यांनी दुसऱ्या शास्त्राच्या माणसाला सोबत घेतले. पदवीच्या वर्गातल्या मुलांनी यातून एवढे जरूर घ्यावे : सगळे आपल्यालाच यायला हवे असे नाही, पण कोणाला काय विचारायचे ते कळायला हवे.

सुरत ही तयार प्रयोगशाळा आहे

‘अशा विषयासाठी दिल्ली-मुंबईलाच जायला हवे’ हा समज सुरतेने केव्हाच खोटा ठरवला आहे. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ साली इथे प्रादेशिक विकासाच्या अभ्यासाचे केंद्र सुरू केले. आज ते सेंटर फॉर सोशल स्टडीज या नावाने वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या आवारात आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दक्षिण गुजरातच्या खेड्यांत येत राहिले. हळपती शेतमजूर आणि त्यांचे जमीनदार यांच्या नात्यापासून ते ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर आणि सुरतेच्या मागांवर येणाऱ्या मजुरांपर्यंत त्यांनी अनेक दशके लिहिले. जगभरच्या विद्यापीठांत असंघटित कामगारांबद्दल शिकवताना आपल्या या भागाचा दाखला दिला जातो.

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. आजार जिवाणूचा, म्हणजे विषय वैद्यकाचा. पण कचरा कोणत्या वस्तीतला उचलला जात होता आणि कोणत्या नाही, गटारे कुठे होती, बाहेरून आलेले कामगार कसे राहत होते, पालिका कोणाचे ऐकत होती, हे प्रश्न वैद्यकाच्या बाहेरचे होते. राज्यशास्त्रज्ञ घनश्याम शाह यांनी सार्वजनिक आरोग्य आणि शहरविकास यांना जोडून या साथीवर लिहिलेले पुस्तक १९९७ साली आले. १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त झाले आणि शहराच्या स्वच्छतेत मोठा बदल घडला, तेव्हा हेही दिसले की प्रशासन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ऑगस्ट २००६चा पूरही तसाच. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. धरण जलविज्ञानाचे, पण पाणी केव्हा सोडायचे हा निर्णय माणसांचा, आणि तळमजल्यावर कोण राहतो हा प्रश्न समाजाचा. २०२०च्या टाळेबंदीत घरी जाऊ द्या म्हणून सुरतेचे कामगार रस्त्यावर आले. त्यांच्यातल्या कित्येकांची नावे कोणत्याच यादीत नव्हती.

तुमच्या घरातल्या मोठ्यांना यातले सगळे आठवते. तुमच्याकडे साक्षीदार घरातच आहेत, हे लक्षात असू द्या.

प्रवेश घेण्याआधी

इच्छापोरच्या परिसरातच, हजिरा रस्त्यावर, २०११ साली स्थापन झालेले ऑरो विद्यापीठ आहे. श्री अरविंदांच्या शिक्षणविचाराचा आधार घेणाऱ्या या खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्सची शाखा आहे. सरकारी मार्गाने जायचे तर वीर नर्मद विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजे आहेत. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी जीकॅस या सामायिक संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ गाडीने काही तासांवर. महाराष्ट्रात जायचे तर टाटा सामाजिक विज्ञान संस्था (१९३६ पासूनची, तिचे तुळजापूरला ग्रामीण केंद्र आहे), पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०), फर्ग्युसनसारखी जुनी कॉलेजे आणि पुण्यातली काही खासगी विद्यापीठे. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक परीक्षा आहे आणि इतरही अनेक संस्था तिचे गुण धरतात. अभ्यासक्रम, शुल्क आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरचे चालू वर्षाचे माहितीपत्रकच प्रमाण माना.

माहितीपत्रकातली छायाचित्रे बाजूला ठेवा आणि सत्रवार विषयांची यादी मागून घ्या. त्या यादीत पुढच्या गोष्टी शोधा.

पहिली, मुख्य विषय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी १६० श्रेयांकांची आहे. तीन वर्षांच्या पदवीत मुख्य विषयाला किमान ६० आणि दुय्यम विषयाला किमान २४ श्रेयांक ठेवले आहेत. म्हणजे निम्मे शिक्षण एका विषयात व्हावे अशी अपेक्षा आहे. पदवीचे नाव ‘आंतरविद्याशाखीय’ असले, तरी गुणपत्रिकेवर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास किंवा राज्यशास्त्र यांपैकी एकाचे वजन स्पष्ट दिसते का ते पाहा. पुढे एम.ए. किंवा बी.एड.ला प्रवेश घेताना काही ठिकाणी ठरावीक विषयाचे श्रेयांक मागतात, तेव्हा हेच वजन कामी येते.

दुसरी, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र. दोहोंपैकी एकही विषय यादीत नसेल, तर तो अभ्यासक्रम घेऊ नका.

तिसरी, क्षेत्रकार्य. ‘औद्योगिक भेट’ म्हणजे क्षेत्रकार्य नव्हे. किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, शेवटी अहवाल लिहायचा का, त्याला श्रेयांक किती, हे विचारा.

चौथी, शिक्षक. कोणत्या विषयाचे किती पूर्णवेळ शिक्षक आहेत ते पाहा. पाच शास्त्रे शिकवण्याचा दावा आणि शिक्षक दोनच, असे असेल तर सावध व्हा.

पाचवी, चौथे वर्ष. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असलेल्यांना संशोधनासह ऑनर्सचा पर्याय आराखड्यात आहे आणि चार वर्षांनंतर एम.ए. एका वर्षात करण्याची वाट आहे. पण ती सोय प्रत्येक कॉलेजात नसते. आधीच विचारून ठेवा.

स्थलांतरित कुटुंबांसाठी कागदपत्रांची सूचना

खानदेशातून सुरतेत आलेल्या कुटुंबांचा इथे हमखास घोटाळा होतो, म्हणून हे वेगळे लिहितो. महाराष्ट्रात मिळालेल्या जातीच्या दाखल्यावर गुजरात राज्याच्या राखीव जागा आणि राज्याच्या शिष्यवृत्त्या साधारणपणे मिळत नाहीत, कारण राज्यांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत आणि स्थलांतरितांचा दर्जा मूळ राज्याशी बांधलेला असतो. केंद्रीय संस्थांत केंद्राची यादी चालते. उलट बाजूने, दहावी-बारावी सुरतेत झालेली मुलगी महाराष्ट्रातल्या सरकारी जागांसाठी अनेकदा परराज्यातली धरली जाते. त्यामुळे अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरची नावे, आडनावे आणि स्पेलिंग बारावीच्या सुट्टीतच जुळवून घ्या. गुजरात बोर्डातून उत्तीर्ण झालेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे. तिच्या गुणांच्या आणि उत्पन्नाच्या अटी पाहा. निकालानंतर दाखल्यांसाठी धावपळ करणाऱ्यांची चांगली जागा एका कागदापायी जाते.

वर्षांची आखणी

पहिले वर्ष वाचनाचे. तुमच्या मुख्य विषयाची अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तके आधी पूर्ण करा. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्यांनी तर नक्कीच. इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशावर विनामूल्य आहे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर उपलब्ध आहे. नवी संकल्पना समोर आली की आधी त्यातली नोंद वाचावी, मग इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडावे. घोडदोड रोडवरचे कवी नर्मद मध्यवर्ती ग्रंथालय पालिकेचे आहे. तिथे बसून वाचायची सवय लावा. दर आठवड्याला एक लेख घ्या आणि त्यावर एक पान लिहा : लेखक काय म्हणतो, पुरावा कोणता देतो, तो पुरावा पुरेसा आहे का. एवढे एक वर्ष नियमाने केले तर उरलेल्या वर्षांचे निम्मे काम झाले.

दुसरे वर्ष पद्धतीचे. सामाजिक शास्त्रांत आकड्यांना घाबरून चालत नाही. सरासरी, मध्यक, टक्केवारी, नमुना निवड, सहसंबंध एवढे हातात बसले पाहिजे. आधी एक्सेल, मग आर ही विनामूल्य प्रणाली आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस. मोबाइलवर प्रश्नावली भरून घ्यायला कोबोटूलबॉक्स आहे. अर्थशास्त्रात पुढे जायचे असेल तर गणित सोडू नका. बारावीला गणित नसेल तर दुसऱ्या वर्षातच वेगळा अभ्यासक्रम लावा.

आकडे कसे वाचायचे याचे एक उदाहरण. २०११च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती. दहा वर्षांपूर्वी ती सुमारे २४ लाख होती. त्याच जनगणनेत शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेसातशेच्या आसपास होत्या. घाईने वाचणारा म्हणेल, इथे मुली जन्मू देत नाहीत. पद्धत शिकलेला विद्यार्थी आधी सहा वर्षांखालील मुलांचे प्रमाण वेगळे काढेल, वयोगट पाहील, आणि कामासाठी एकटे आलेले तरुण पुरुष या आकड्याला किती खाली ओढतात ते तपासेल. मुलींच्या जन्माचा प्रश्न गुजरातेतही आहे आणि महाराष्ट्रातही, पण तो या एका आकड्याने सिद्ध होत नाही. मग हा विद्यार्थी गावी मागे राहिलेल्या बायकांकडे वळेल : शेत कोण बघते, पैसे कोणाच्या खात्यावर येतात, सासूसासऱ्यांचे आजारपण कोण काढते? नंदुरबार-धुळ्याकडच्या नात्यांत ही उत्तरे मिळतील.

तिसरे वर्ष क्षेत्रकार्याचे. प्रश्न लहान घ्या. ‘स्थलांतर आणि विकास’ हा विषय पुस्तकाचा आहे. ‘इच्छापोरमधल्या दोन गल्ल्यांतल्या भाड्याच्या खोल्या’ हा विषय विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. कॉलेजचे पत्र सोबत ठेवा. ज्यांच्याशी बोलाल त्यांना आपण कोण, कशासाठी विचारतो आणि उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नका, हे आधी सांगा. नावे लिहू नका. खुणेचा क्रमांक द्या. कामगाराशी कारखान्याच्या दारात, ठेकेदारासमोर बोलू नका, कारण त्याची रोजी धोक्यात येऊ शकते. मुलाखत झाली की त्याच रात्री टिपणे पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी अर्धे विसरले जाते. आणि अहवाल झाला की त्यातले मुख्य मुद्दे त्या लोकांना त्यांच्या भाषेत परत जाऊन सांगा. आपण त्यांचा वेळ घेतलेला असतो.

सेंटर फॉर सोशल स्टडीजच्या ग्रंथालयात दक्षिण गुजरातवरचे जुने अभ्यास पाहायला मिळतील. बाहेरच्या विद्यार्थ्यांना कोणत्या अटींवर प्रवेश आहे ते विचारा आणि प्राध्यापकांचे पत्र घेऊन जा. तुमच्या प्रश्नावर पूर्वी कोणी काम केले आहे हे कळणे ही निराश होण्याची गोष्ट नाही. तुलनेसाठी आधार मिळाला असे समजा.

जुने पुरावे, नवी नजर

सुरत आणि मराठी म्हटले की पहिली आठवण १६६४च्या जानेवारीची निघते. शिवाजी महाराजांची सुरतेवरची स्वारी आपण शाळेत एका परिच्छेदात वाचतो. पदवीच्या विद्यार्थ्याने तीच घटना तीन जागांवरून वाचावी. सुरतेतल्या इंग्रज वखारीची पत्रे त्याच दिवसांत लिहिलेली, पण स्वतःचा बचाव मांडणारी. डच वखारीच्या नोंदी व्यापाऱ्याच्या नजरेच्या. सभासदाची बखर बरीच नंतरची, राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेली. कोण लिहितो, कोणासाठी, घटनेनंतर किती काळाने, आणि त्याचा त्यात काय स्वार्थ, हे प्रश्न विचारायला इथे शिकलात की आजची वर्तमानपत्री बातमी, कंपनीचा अहवाल आणि सरकारी प्रसिद्धिपत्रकही त्याच सावधपणे वाचाल. स्वारीचे अर्थकारणही शोधा : सुरत मोगलांसाठी एवढी मोलाची का होती, आणि स्वराज्याला त्या वेळी पैशाची निकड का होती. इतिहास आणि अर्थशास्त्र तिथे आपोआप एकत्र येतात.

भाषा हे तुमचे भांडवल आहे

सुरतेत वाढलेले मराठी मूल घरी मराठी किंवा अहिराणी, रस्त्यावर गुजराती, कामगारांशी हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलते. पालिकेच्या शाळा इथे मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांत चालतात. संशोधनात याची किंमत मोठी आहे. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला दुभाषी लागतो. तुम्हाला लागत नाही. अहिराणीत बोलणारी आजी जे सांगेल ते प्रमाण मराठीत विचारले तर सांगणार नाही. टिपणे मूळ शब्दांतच घ्या, भाषांतर नंतर करा.

अडचण इंग्रजीची असते. मराठी किंवा गुजराती माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीचा धसका घेऊन विषय सोडू नये. रोज दोन पाने मोठ्याने वाचा, शब्दांची वही ठेवा, आणि तोच मुद्दा आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहून पाहा. ‘साधना’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’ यांसारख्या नियतकालिकांत मराठीत गंभीर लेखन होत आले आहे; इंग्रजीत इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली आहे. दोन्हीकडचे वाचा. १८४४ साली सुरतेत मानवधर्म सभा निघाली तेव्हा दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने तिच्यात मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. दोन भाषांच्या माणसांनी एकत्र बसून समाजाचा विचार करण्याची परंपरा या शहरात जुनी आहे आणि तुम्ही तिचे वारस आहात.

पुढे काय?

आता घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर. या पदवीनंतर लगेच कॅम्पसवर मोठ्या पगाराची नोकरी मिळेल असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. बहुतेकांना पुढे एक पायरी चढावी लागते : एम.ए., समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू., तीन वर्षांचे एल.एल.बी., बी.एड., नगरनियोजन, पत्रकारिता, सार्वजनिक धोरण. स्पर्धा परीक्षांसाठी ही तयारी उपयोगी आहे, पण फक्त त्यासाठी ही पदवी घेऊ नका. तिथे जागा थोड्या असतात.

कामे मात्र आहेत. पाहणी करणाऱ्या संस्थांना प्रश्नावली आखणारी आणि माहिती तपासणारी माणसे लागतात. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हजिरा पट्ट्यात अशा कंपन्या आहेत आणि तो खर्च कुठे आणि कसा व्हावा हे ठरवायला प्रशिक्षित माणसे हवी असतात. त्याच वर्षीच्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आहे. आरोग्य, शिक्षण, स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. या सगळ्यांना तीन गोष्टी दाखवता आल्या पाहिजेत : एक स्वतः लिहिलेला क्षेत्र-अहवाल, आकड्यांवर केलेले एक काम, आणि दोन भाषांत स्वच्छ लिहिण्याची ताकद. पदवीच्या काळात या तीन वस्तू तयार करा. मुलाखतीत गुणपत्रिकेआधी त्या पाहिल्या जातात.

पालकांना एक विनंती. मुलीला किंवा मुलाला या विषयाची ओढ आहे का हे तपासायचे असेल, तर त्यांना घरच्या इतिहासावर दहा पाने लिहायला सांगा : आपण गावाहून कधी निघालो, का निघालो, सुरतेत पहिली खोली कोणी मिळवून दिली, पहिले काम कोणते, गावची जमीन आज कोणाकडे. तुम्हीही त्यांच्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे द्या. दहा पाने आनंदाने लिहून झाली आणि आणखी प्रश्न उभे राहिले, तर त्यांना या वाटेने जाऊ द्या. तिसऱ्या पानावर कंटाळा आला, तर दुसरा विषय शोधा. त्यातही काही वाईट नाही.

सुरतेच्या कामगारांवर जगभर गाजलेले लेखन एका डच अभ्यासकाने केले, कारण तो वर्षानुवर्षे इथे येत राहिला, ऐकत राहिला, लिहीत राहिला. त्याने ज्यांच्याबद्दल लिहिले त्या घरांतली मुले आता कॉलेजात पोहोचली आहेत. मागाचा आवाज, ठेकेदाराची वही, तापीचे पाणी आणि सुरत-भुसावळ गाडीतली सणासुदीची गर्दी त्यांनी आतून पाहिली आहे. त्या अनुभवाला शास्त्राची शिस्त मिळाली, तर या शहराबद्दलचे पुढचे महत्त्वाचे पुस्तक त्यांच्यातलाच कोणी लिहू शकतो, आणि तसे व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात याच आठवड्यात करा. तुमच्या गल्लीतला एक प्रश्न एका वाक्यात लिहा, त्याखाली तो कोणत्या तीन शास्त्रांना विचारायचा ते लिहा, आणि तो कागद घेऊन प्रवेश घेऊ पाहत असलेल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना भेटा. ते त्या प्रश्नावर तुमच्याशी किती वेळ बोलतात, यावरून कॉलेज निवडा.